नकाशात माझं घर नाही, मग मी राहते कुठे?

मागच्या अंकात प्रारूप विकास आराखडा, म्हणजे गावात रस्ते, शाळा, बागा कुठे होणार ते दाखवणारा कच्चा नकाशा, कसा वाचायचा याबद्दल चार गोष्टी लिहिल्या आणि संपादकांच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला. बहुतेकांचा सूर एकच : उपग्रहावरून नकाशा केलाय म्हणतात, मग आमच्यावर ही वेळ का?

ज्यांनी मागचा अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी : मी १९८३ साली अनुरेखक म्हणून नोकरीला लागले. दुसऱ्याने काढलेल्या रेघा ट्रेसिंग क्लॉथवर शाईने गिरवायच्या, चुकलं की ब्लेडने खरवडायचं, हे माझं काम. अमोनिया प्रिंटचा वास अजून नाकात आहे. सहायक नगररचनाकार म्हणून निवृत्त झाले तेव्हा टेबलावर दोन पडदे होते आणि ब्लेड कुठल्याशा ड्रॉवरमध्ये गंजत पडलं होतं. खरवडायचं काम मात्र शेवटच्या दिवसापर्यंत होतं. जमतील तेवढ्या पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : आमच्या नगरपालिकेचा प्रारूप आराखडा जाहीर झाला आहे. त्यात बारा मीटरचा रस्ता थेट आमच्या घरावरून नेलाय. घर १९९६ चं, रीतसर परवानगी घेऊन बांधलेलं. शेजारची चार घरं तर नकाशात नाहीतच, तिथे मोकळी जागा दाखवली आहे. कार्यालयात गेले तर 'जीआयएसचा नकाशा आहे, सॅटेलाइट चुकत नाही' असं सांगून परत पाठवलं. नकाशात माझं घर नाही, मग मी राहते कुठे? — एक गृहिणी, घाटमाथ्यावरचं तालुक्याचं गाव

ताई, सॅटेलाइट चुकत नाही हे खरंच आहे. तो बिचारा फक्त फोटो काढतो. जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशांचे थर एकावर एक ठेवायची पद्धत, पण त्या फोटोवर जुना कागद बसवायचं काम माणसं करतात, आणि घोळ होतो तो तिथे.

आराखडा करण्याआधी आज गावात कुठली जमीन कशासाठी वापरात आहे, याची पाहणी करून नकाशा तयार करावा लागतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २५ मध्येच तसं लिहिलंय. या विद्यमान जमीन वापर नकाशाला आमच्यात सगळे ईएलयू म्हणतात. तो करताना तीन थर एकावर एक बसवायचे असतात : उपग्रहाची किंवा ड्रोनची प्रतिमा, भूमी अभिलेख खात्याकडचे गाव नकाशे आणि सिटी सर्व्हेच्या शीट, आणि प्रत्यक्ष फिरून केलेली पाहणी.

यातला मधला थर सगळ्यात नाठाळ. गाव नकाशे ज्या मोजणीवरून झाले ती साखळीने केलेली. शंकू साखळी तेहतीस फुटांची, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. मोजणी करणारी माणसं त्यांच्या काळात निष्णात होती, माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण तो कागद शंभर वर्षं घड्या घालून ठेवलाय, पावसाळ्यात ओल खाल्लीय, उन्हाळ्यात आकसलाय, आणि आकसताना चारही बाजूंनी सारखा आकसलेला नाही. तो स्कॅन करून प्रतिमेवर बसवायचा तर दोन्हीकडे दिसणाऱ्या खुणा लागतात : तीन गावांच्या शिवा मिळतात तो त्रिसीमेचा दगड, जुनी विहीर, देऊळ, रेल्वेचं फाटक. या खुणांना टाचण्या मारून संगणक मधला कागद पोळीसारखा ताणतो. जिथे टाचण्या दाट तिथे बसतो छान. जिथे विरळ, म्हणजे बहुधा गावाच्या कडेला, नव्या वसाहतींत, तिथे पोळीची कड वाकडी होते. तुमचं घर गावठाणात नसून वाढीव हद्दीत असणार, असा माझा अंदाज.

आता प्रमाणाचं गणित बघा. केंद्राच्या अमृत या शहरांसाठीच्या योजनेत शहरांचे जीआयएस आधारित आराखडे करायचे ठरले, तेव्हा प्रमाण ठरलं १:४०००. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर. अर्ध्या मिलिमीटरची जाड रेघ दोन मीटर खाते. तुमचा बारा मीटरचा रस्ता त्या नकाशावर फक्त तीन मिलिमीटरचा आहे. काढणाऱ्याचा हात मिलिमीटरभर सरकला तरी कुणाची तरी पडवी गेली.

नाहीशी झालेली चार घरं हा वेगळा प्रकार. त्यासाठी आधी एकच प्रश्न लेखी विचारा : प्रतिमा कुठल्या तारखेची? आराखडा आज प्रसिद्ध झाला तरी खालचा फोटो पाच-सहा वर्षांपूर्वीचा असू शकतो. आणि तारीख बरोबर असली तरी दुसरं कारण असतं, झाडं. कुठल्या तरी लांबच्या शहरात पडद्यासमोर बसलेला मुलगा वरून दिसेल ते गिरवतो. आंब्याखालचं घर वरून आंबाच दिसतं. एका नगरपालिकेचा ईएलयू तपासायला मी गेले होते, तिथे अख्खी आळी 'झाडी' म्हणून हिरवी रंगवलेली. छापील शीट हातात घेऊन मी तिथे उभी, तर एक आजोबा ओसरीवरून म्हणाले, 'बसा की बाई, तुमच्या झाडीत चहा घ्या.' त्या दिवशी मी आळीतली सदतीस घरं हाताने पिवळी रंगवली. निवासी वापर पिवळा असतो आमच्यात. पाहणीचं काम ठेकेदाराला देऊन टाकलं आणि त्याच्या माणसाने मोटरसायकलवरून उतरायचं टाळलं, की हे होतं. यात तंत्रज्ञानाचा दोष शोधू नका.

तुम्ही घरबसल्या करू शकाल अशी एक तपासणी सांगते. गावातल्या कधीच न हललेल्या चार-पाच जागा घ्या : देवळाचा कळस, पाण्याची टाकी, पुलाचं टोक, शाळेचा कोपरा. आराखड्यात त्या कुठे दाखवल्यात आणि प्रतिमेत कुठे दिसतात ते ताडून बघा. सगळ्या खुणा एकाच दिशेला, साधारण सारख्याच सरकलेल्या असतील, तर शीटची बैठकच चुकलीय. मग हा प्रश्न एकट्या तुमच्या घराचा नाही, त्या शीटवरच्या सगळ्यांचा आहे, आणि हरकत एकत्र घ्या. प्रत्येक खूण वेगळ्याच दिशेला गेली असेल तर कागद वेडावाकडा ताणलाय. बाकी सगळं जागच्या जागी आणि फक्त तुमचंच घर गायब असेल तर गिरवणाऱ्याची चूक.

चौथी शक्यताही सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला खोटी आशा लावल्यासारखं होईल. घर दिसत असूनही, पुढचे दोन रस्ते जोडायचे म्हणून मुद्दाम तिथून आखणी केली असेल. मग 'नकाशा चुकला' ही हरकत टिकणार नाही. तिथे 'रस्ता या दुसऱ्या बाजूने नेला तर कमी घरं जातात' असं दाखवावं लागतं, आणि तेही नकाशावरच.

मोबाइलमधल्या जीपीएसचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून लावू नका. मोकळ्या मैदानातही तो चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, भिंतीजवळ आणि झाडाखाली त्याहून जास्त. तुमचा पुरावा म्हणजे मोजणीची 'क' प्रत (भूमी अभिलेख खातं मोजणी करून देतं तो नकाशा), बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा. घरपट्टीच्या जुन्या पावत्याही जोडा. त्यांनी मालकी सिद्ध होत नाही, पण त्या वर्षी तिथे घर उभं होतं हे दिसतं. हरकत लेखी द्या, जाहीर सूचनेतल्या मुदतीत द्या, ती साधारण तीस दिवसांची असते, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. नियोजन समितीपुढे सुनावणी होते तेव्हा भाषण करू नका. एकच कागद ठेवा : डावीकडे त्यांचा नकाशा, उजवीकडे तीच जागा प्रतिमेवर, घराला लाल वर्तुळ. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं बसले आहे. दिवसाची साठावी सुनावणी असते, समोरचा माणूस थकलेला असतो, त्याला दहा सेकंदांत दिसेल ते त्याच्या लक्षात राहतं.

आणि 'एकदा छापलं की बदलत नाही' असं कुणी म्हणालं तर मुंबईचं उदाहरण द्या. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते, वारसा वास्तूंची नोंदच गायब, अशा चुका लोकांनी एकेक करून पुढे आणल्या. दोन महिन्यांत, एप्रिलमध्ये, सरकारने तो पुन्हा करायला सांगितलं. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं आणि नवा आराखडा अमलात आला १ सप्टेंबर २०१८ पासून. मुंबईला जमिनीवर उतरून पुन्हा मोजावं लागलं, तर तुमच्या नगरपालिकेला त्यात कसला कमीपणा?

प्रश्न : सातबारावर वीस गुंठे आहेत. गूगल अर्थवर चारही कोपरे धरून मोजलं तर साडेअठराच भरतात. दीड गुंठा शेजाऱ्याने खाल्लाय हे उघड आहे ना? — एक शेतकरी, बारामती परिसर

दीड गुंठा तुमच्या बोटाने खाल्लाय, दादा. वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा साधारण पंचेचाळीस मीटर बाजूचा असतो. चारही बाजूंनी पाऊण-एक मीटर आत टिचकी मारलीत की दीड गुंठा गेला. बांधच तेवढा रुंद असतो, आणि पडद्यावर तुम्ही बांधाच्या अलीकडची कड धरली असणार. मोजणीचा अर्ज भरा. तोवर शेजाऱ्याशी चहा बंद करू नका.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांना २०१९ आणि २०२१ च्या पुराचा नकाशा करायचा आहे. प्रत्येकाच्या घरात पाणी कुठवर आलं ते त्यांना माहीत आहे. याचा आराखड्यासाठी काही उपयोग होईल का? निळी रेषा, लाल रेषा म्हणजे नेमकं काय? — एक शिक्षक, सांगली

सर, उपयोग होईल का काय विचारता! तुमच्या मुलांकडे जी माहिती आहे तिच्यासाठी मी नोकरीत असताना अक्षरशः दारोदार फिरले असते.

आधी रेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराची हद्द ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. पाटबंधारे खातं त्या आखतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यानुसार नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवं बांधकाम नाही. बाग, मैदान, वाहनतळ, ओट्यांचा भाजीबाजार, स्मशानभूमी असलेच वापर चालतात. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवं. म्हणजे दीड फूट. 'पंचवीस वर्षांतून एकदा' याचा अर्थ आज आला की पुढची चोवीस वर्षं सुट्टी, असा नाही. ते तुमच्या मुलांना दोनच वर्षांत कळलंय.

आता खरी अडचण. रेषा कागदावर आखायला जमिनीची उंची लागते. फुकट मिळणारा उंचीचा जो डेटा सगळे वापरतात, तो २००० साली अंतराळयानातून रडारने घेतलेला. त्यात दर तीस मीटरला एक आकडा असतो, आणि तो आकडा कित्येकदा जमिनीचा नसून छपराचा किंवा झाडाच्या शेंड्याचा असतो. चूक काही मीटरची होऊ शकते. कृष्णाकाठी तुमचं गाव कसं सपाट पसरलंय ते तुम्ही रोज बघता. तिथे पाणी एक मीटर चढलं तर गल्ल्याच्या गल्ल्या आत जातात. मीटरभराने निकाल लागतो तिथे काही मीटर चुकणारी पट्टी काय कामाची? डोंगराळ भागात चालेल, सांगलीत नाही.

म्हणून मुलांच्या खुणा सोन्यासारख्या. भिंतीवरचा गाळाचा डाग, कपाटाचं फुगलेलं दार, 'आजीचा फोटो भिजला पण वरचं घड्याळ नाही', हे सगळं पातळीत बदलता येतं. प्रत्येक खुणेची जमिनीपासून उंची फूट-इंचांत लिहा, कुठल्या पुराची ते लिहा, कोणी सांगितलं ते लिहा. मग या खुणा एकमेकींशी जोडायच्या. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी माहीत आहे ना? एका घरावरून दुसऱ्या घरावर पातळी न्यायला तीच पुरते. गल्ली पूर्ण करून परत पहिल्या खुणेवर या. इंचापेक्षा जास्त फरक पडला तर गडबड झालीय, पुन्हा करा. जवळच्या तंत्रनिकेतनातल्या स्थापत्यच्या मुलांनी ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, आणली तर काम आठवड्याचं दोन दिवसांत होईल, पण नववीच्या मुलांना नळीच जास्त आवडेल.

दोन चुका टाळा. आयर्विन पुलावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण ते फूट त्या पुलावरच्या पट्टीच्या शून्यापासूनचे आहेत, जमिनीपासूनचे नाहीत आणि समुद्रसपाटीपासूनचेही नाहीत. दुसरं, पुलाजवळची पातळी घेऊन ती सगळ्या गावावर ताटासारखी आडवी पसरवू नका. वाहत्या पुराला उतार असतो. वरच्या अंगाला पाणी उंच, खालच्या अंगाला कमी.

आणि ओढे-नाले विसरू नका. नदीचा पूर कित्येकदा काठ ओलांडून येतच नाही, नाल्यातून उलटा चढतो. काठापासून लांबचं घर आधी बुडतं ते यामुळे. विकास आराखड्यात सगळ्यात जास्त अन्याय ओढ्यांवर झालाय असं माझं मत आहे. जुन्या गाव नकाशात ओढा दोन काठांसह काढलेला असतो, त्याला रुंदी असते. प्रतिमेवरून गिरवताना उन्हाळ्याचा फोटो असला की तो कोरडी पांदण दिसतो. मग त्याची एक बारीक निळी रेघ होते. रेघेला रुंदी नसते, आणि जिला रुंदी नाही तिच्यासाठी जागा सोडायची कोणी? पुण्यात आंबिल ओढ्याचं काय झालं ते आठवा. कात्रजकडून येणारा हा ओढा पेशवाईत अडवला, वळवला गेला. पर्वतीच्या पायथ्याच्या तळ्याची आठवण तळ्यातल्या गणपतीच्या नावात उरली आहे. पुढे काठ आवळत गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ढग फुटल्यागत पाऊस झाला, भिंती कोसळल्या, गाड्या काड्यापेट्यांसारख्या एकमेकींवर चढल्या, आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. जुना गाव नकाशा आराखड्यावर अर्धपारदर्शक करून ठेवला की ओढ्याची मूळ रुंदी आणि आजची रुंदी यांतला फरक एका नजरेत दिसतो. तुमच्या मुलांनी पुराच्या खुणांबरोबर एवढा एकच थर केला, तरी आराखड्याच्या हरकतींना जोडण्याजोगा कागद होईल. प्रदर्शन भरवलंत तर मला बोलवा. मी स्वखर्चाने येईन.

प्रश्न : मी नगरसेविका आहे. आराखडा करणाऱ्या सल्लागारांनी सादरीकरणात प्रत्येक बागेभोवती आणि शाळेभोवती वर्तुळं काढून 'सगळे प्रभाग सुविधांच्या कक्षेत आहेत' असं दाखवलं. माझ्या प्रभागातल्या मुलांना मैदानच नाही, हे मी रोज बघते. मी काय म्हणावं? — रेल्वेलगतच्या प्रभागातून

ताई, तुम्ही पत्राखाली 'रेल्वेलगतच्या' लिहिलंत आणि उत्तर तिथेच दिलंत.

वर्तुळ कावळा उडेल तशा सरळ अंतराने काढतात. मैदानाच्या मध्यावर कंपासचं टोक, चारशे मीटर त्रिज्या, फिरवलं. रूळ ओलांडून वर्तुळ तुमच्या प्रभागात शिरतं आणि सॉफ्टवेअर म्हणतं, झालं. पण पोरगं कावळा नाही. त्याला फाटकापर्यंत जावं लागतं, किंवा पादचारी पूल चढावा लागतो. असाच वाद आमच्याकडे एका नगरपालिकेत झाला होता. मी तिथल्या रस्त्यांचा थर घेतला, फाटक आणि पूल तेवढेच ओलांडायचे मार्ग म्हणून सोडले, बाजार समितीची लांबलचक भिंत बंद धरली आणि घराच्या दारापासून मैदानाच्या फाटकापर्यंतचं चालायचं अंतर काढलं. साडेतीनशे मीटरचे चौदाशे झाले. वर्तुळाच्या जागी एक तुटका, फाटका आकार उरला, कुत्र्याने चावलेल्या भाकरीसारखा. सभागृहात तो दाखवल्यावर कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

तुम्ही एवढंच म्हणा : 'वर्तुळ पुसा, चालायचं अंतर दाखवा.' त्याला लागणारी साधनं फुकट मिळतात आणि सल्लागारांना ती येतात. मागितलं नाही म्हणून केलं नाही, इतकंच.

दुसरी मागणी लोकसंख्येची. आपल्याकडे प्रभागवार हाताशी असलेली जनगणना २०११ ची. तेव्हा तुमच्या रुळापलीकडे कदाचित शेतं असतील. म्हणून मालमत्ता कराच्या नोंदी आणि नळजोड मागा. कुठे किती घरं वाढली ते त्यातून गल्लीवार निघतं. दोन्ही तुमच्याच पालिकेच्या दप्तरात आहेत, फक्त कर विभागाची संगणक यादी आणि नगररचना विभागाचा नकाशा यांची कधी ओळख करून दिलेली नसते. मिळकत क्रमांक हा दोघांमधला दुवा. तो दोन्हीकडे एकाच पद्धतीने लिहिलेला असेल तर काम तासाभराचं. एकीकडे '१२/अ' आणि दुसरीकडे '१२ए' असेल तर दोन महिने. माझी त्यात एक अख्खी दिवाळी गेली आहे.

तिसरी मागणी मात्र ठामपणे करा, कारण ती कोणाला आवडणार नाही. नकाशावर हिरवं दिसतं ते सगळं मैदान नसतं. ते आरक्षण असतं, म्हणजे मैदानासाठी राखून ठेवलेली, पण अजून पालिकेने न घेतलेली जागा. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांतही पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप सुटतं. म्हणून मागच्या आराखड्यातल्या प्रत्येक आरक्षणाचं काय झालं, याचा एक थर मागा : ताब्यात आलं, अर्धवट आलं, नोटीस आली, सुटलं. चार रंग पुरतात. तो थर आणि सरकारी जमिनींचा थर एकमेकांवर ठेवला की तुमच्या बाजूला मैदान कुठे करता येईल ते शोधायला फार वेळ लागत नाही. कधीकधी गुंठे-दोन गुंठ्यांच्या चार सरकारी चिंधोट्या सापडतात, त्यातून मैदान होत नाही, पण दोन खेळघरं होतात. सापडलंच तर आरक्षण खाजगी जागेऐवजी तिथे सुचवा. पैसेही वाचतील आणि तेरा वर्षांनी नातवंडांना कोर्टाचा निकाल वाचायला लागणार नाही.

आणि सादरीकरणाची चित्रं घेऊन समाधान मानू नका. मूळ थर मागा, संगणकात उघडतील असे. प्रारूप आणि अंतिम असे दोन्ही थर हाताशी असले की मधल्या काळात कुठलं आरक्षण कुठून उठून कुठे गेलं, ते एकावर एक ठेवून कोणालाही बघता येतं. पूर्वी हे आम्ही काचेच्या टेबलाखाली दिवा लावून बघायचो. तेव्हाही बऱ्याच जणांना तो दिवा खुपायचा.

प्रश्न : भूगोल घेऊन बी.ए. केलं आहे. जीआयएस शिकायचं आहे, पण क्लासची फी परवडत नाही. — एक विद्यार्थी, चंद्रपूर

माझ्या नातवाच्या वयाचा आहेस, म्हणून 'तू' म्हणते. क्लास लावू नकोस. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, मोफत धडे ढीगभर आहेत. इस्रोचं उपग्रह प्रतिमांचं संकेतस्थळ 'भुवन' बघ, महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर तुझ्या गावाचे गट बघ. नोकरीचं म्हणशील तर कामं वाढतायत : गावठाणांची ड्रोन मोजणी आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून सुरू झाली आणि पुढे स्वामित्व योजनेत देशभर गेली. शहरांच्या मोजणीसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नक्शा' हा कार्यक्रम १५२ शहरांत सुरू केला. पण पडद्यावर गिरवणारे खूप आहेत. गिरवलेलं तपासायला उन्हात जाणारे कमी, आणि पैसे हळूहळू त्यांना जास्त मिळायला लागलेत.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी शीक, बाकी सगळं नंतर. नकाशा कुठल्या निर्देशांक पद्धतीत आहे ते बघितल्याशिवाय दुसऱ्यावर ठेवू नकोस. यूटीएम या पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात, त्यांना झोन म्हणतात; पुणं झोन ४३ मध्ये येतं, नागपूर आणि तुझं चंद्रपूर झोन ४४ मध्ये. ४४ चा आकडा ४३ समजून टाकलास तर नागपूरची सीताबर्डी थेट गुजरातेत बारडोलीजवळ जाऊन पडते. हसू नकोस, माझ्या समोर पडलेली आहे, आणि ती पाडणारा माणूस एम.टेक. होता.

सुरुवातीला तुझ्याच गल्लीचा ईएलयू कर. घर, दुकान, खाली दुकान वर घर, पिठाची गिरणी, बंद पडलेली गिरणी, सगळं. आधी पडद्यावर बघून कर, मग छापून हातात घेऊन फिर आणि लाल पेनाने चुका मार. किती लाल झालं ते मोज. झालं की दोन्ही शीट मला पाठव, संपादकांच्या पत्त्यावर. झोन लिहायला विसरलास तर न उघडता परत करीन.